टॉवेल, बादली आणि खडूचं फूल : प्रकल्पाच्या नोंदी

३० जून २०२५, सोमवार

मानसशास्त्राच्या मॅडमनी अखेर प्रकल्पाचा विषय मान्य केला. 'दैनंदिन वर्तनावर प्रबलन आणि शिक्षा यांचा परिणाम.' प्रबलन म्हणजे वागणं वाढवणारा परिणाम. नाव भारदस्त, पण मोजायच्या गोष्टी दोनच. घरात, सातवीतल्या चिरंजीवांचा आंघोळीनंतरचा टॉवेल पलंगावर पडतो की खुंटीला जातो. सोसायटीत, कचरा ओला-सुका वेगळा येतो की एकाच बादलीत. नवऱ्याचं म्हणणं, दोन्हीकडे भानगड ओल्याचीच आहे.

जागा नाशिकमधलं इंदिरानगर. २४ फ्लॅट, ए आणि बी विंग, प्रत्येकी १२. कमिटीची लेखी परवानगी घेतली. फ्लॅट नंबर माझ्या वहीत राहतील, अहवालात येणार नाहीत. दिवसभर मी अंबड एमआयडीसीत हिशेब लिहिते, त्यामुळे मोजणी सकाळी सातपासून घंटागाडी येईपर्यंतच.

पहिला आठवडा काही बदलायचं नाही, नुसतं मोजायचं. याला आधाररेषा म्हणतात. पलंगावरचा ओला टॉवेल बघून त्याची वहीत नोंद करायला आणि मग नेहमीसारखंच वागायला किती जड जातं, ते आज कळलं.

२ जुलै, बुधवार

टिपण परत आलं, लाल शाईने. मी 'ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा' लिहिलं होतं. जन्मभर जमा-नावे करणाऱ्या बाईने इथे घोटाळा करावा!

पुन्हा नीट लिहून ठेवते. धन-ऋण हे बेरीज-वजाबाकीसारखं. वागण्यानंतर काही आलं तर धन, काही गेलं तर ऋण. त्यामुळे वागणं वाढलं तर प्रबलन, घटलं तर शिक्षा. कुकरच्या शिट्टीचा कर्कश आवाज नको म्हणून मी उठून गॅस बंद करते, आवाज जातो, पुढच्या वेळी आणखी लवकर उठते. आवाज गेला, उठणं वाढलं : ऋण प्रबलन. चिरंजीवांचा मोबाइल काढून घेतला आणि उलट उत्तरं कमी झाली तर ती ऋण शिक्षा. आणि कमी झाली नाहीत तर? मग तिला शिक्षा म्हणताच येत नाही. मी मोबाइल काढून घेतला आणि माझा राग निघाला, एवढंच.

या व्याख्येवर बराच वेळ अडकले. आजवर मी केलेल्या 'शिक्षां'पैकी किती शिक्षा होत्या, याचा हिशेब मांडायला बसले तर प्रकल्प बाजूलाच राहील.

५ जुलै, शनिवार

सोसायटीची आधाररेषा पूर्ण. दोन्ही विंगमध्ये रोज साधारण १२ पैकी ५ घरं कचरा वेगळा देतात. पाऊस असला की एखादं कमी.

पण आजची खरी नोंद वेगळी आहे. पार्किंगमध्ये कचरा गोळा करणाऱ्या मावशी गोणपाट पसरून बसल्या होत्या. एकेक बादली त्यावर पालथी करायच्या आणि हाताने निवडायच्या. चहाच्या चोथ्यात चिकटलेल्या दुधाच्या पिशव्या, भाताच्या ढिगात बिस्किटाचे कागद, वर्तमानपत्रात नीट न गुंडाळलेलं डायपर. एका बादलीत दाढीचं ब्लेड निघालं. ते त्यांनी सवयीने अंगठ्याच्या नखाने बाजूला सरकवलं.

"ताई, मिसळेल दिलं तर गाडीवाला बोलतो. मग मीच निवडते. व्हतंय तवर करायचं."

वहीत दोन ओळी लिहिल्या. मिश्र कचऱ्याचा परिणाम : बादली रिकामी होऊन परत. वेगळ्या कचऱ्याचा परिणाम : बादली रिकामी होऊन परत.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइकने १८९८ मध्ये मांजरांना लाकडी पेट्यांत कोंडलं. आतली दोरी ओढली किंवा कळ दाबली की दार उघडायचं, बाहेर खाणं ठेवलेलं असायचं. सुरुवातीला मांजर नुसतं ओरबाडायचं, चुकून दोरी ओढली जायची. पुन्हा पुन्हा कोंडलं की सुटायचा वेळ हळूहळू कमी व्हायचा. ज्या वागण्याने समाधान मिळतं ते घट्ट बसतं, हा त्याचा परिणामाचा नियम. आमच्याकडे दोरी ओढा नाहीतर झोपा काढा, दार उघडंच. ते आतून मावशी धरून बसल्यात.

६ जुलै, रविवार, आषाढी एकादशी

टॉवेल : ७ दिवसांत ६ वेळा पलंगावर. सातव्या दिवशी तो सापडलाच नाही, संध्याकाळी सोफ्यामागे निघाला.

साबुदाण्याची खिचडी खाताना नवऱ्याने कालनिर्णयचं पान पुढे केलं. पेन्सिलीने रेघा मारलेल्या, जुड्या-जुड्यांनी. मला वाटलं टॉवेल मोजलेत. "नाही, तू मोजली आहेस," म्हणाला. "आठवड्यात १९ हाका."

रागावले आधी. मग बघितलं, तर रेघा तीन-तीनच्या होत्या. पहिली हाक साधी. दुसरी जरा चढलेली. तिसरीला आडनावासकट पूर्ण नाव, आणि तेव्हा तो उठतो. म्हणजे चिरंजीव तिसऱ्या हाकेला उठायला शिकलेत, कारण उठलं की माझं ओरडणं थांबतं. आणि मी? पहिल्या दोन हाकांना काही मिळत नाही, तिसरीला टॉवेल उचलला जातो. पुढच्या वेळी मी तिसरीवर लवकर जाणार. एका घरात दोन माणसं एकमेकांना ओरडायला आणि न ऐकायला शिकवतायत, आणि दोघांनाही वाटतंय दुसरा सुधारत नाही.

सासूबाई म्हणाल्या, "आम्ही एकदाच डोळे वटारायचो. काय बिशाद होती!"

नवरा म्हणाला, "खरंय. मी टॉवेल गादीखाली दडपायचो."

१३ जुलै, रविवार

कमिटीची बैठक. मी म्हटलं, बरोबर कचरा देणाऱ्या घराच्या दारात खडूची खूण करू या. चेअरमन हसले. त्यांचा प्रस्ताव : मिश्र कचऱ्याला रोज ५० रुपये दंड. सव्वा तास वाद आणि शेवटी तोडगा. बी विंगला दंड, ए विंगला खडू. चेअरमन बी विंगचे, तेव्हा तक्रार नाही. दोन्हीकडे मिश्र बादली मावशींनी शक्यतो हाताने निवडायची नाही. मॅडम म्हणतील की हा तिसराच बदल झाला. झाला खरा, पण दोन्हीकडे सारखा आहे, आणि ते ब्लेड बघितल्यावर मला दुसरं काही सुचवता येईना.

मावशींना सांगितलं, बरोबर असेल तिथे टिकमार्क करा. त्या म्हणाल्या, "खूण तं मीटरवाले करत्यात. मी फूल काढते." पाच पाकळ्यांचं, उंबऱ्याशेजारी. चूक असेल तिथे काही काढायचं नाही आणि काही बोलायचंही नाही.

१९ जुलै, शनिवार

टॉवेलसाठी बुधवारपासून रोज ५ रुपये. तीन दिवस टॉवेल खुंटीला. आज सकाळी प्रश्न आला, "आई, चादरीच्या घडीचे किती?" दुपारी : "दप्तर जागेवर ठेवलं तर दोन चालतील."

लगेच मला लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांचा १९७३ चा प्रयोग आठवला. स्केचपेनने चित्रं काढायला मुळातच आवडणाऱ्या बालवाडीतल्या मुलांपैकी काहींना आधी बक्षीस कबूल केलं. बक्षीस घेऊन झाल्यावर त्या मुलांचा चित्रांतला रस इतरांपेक्षा कमी झाला. मॅडमना उत्साहाने फोन केला. त्या म्हणाल्या, "अगं, पण टॉवेल उचलायची आवड तुझ्या मुलाला होती कधी? जी नव्हतीच ती कमी कशी होईल?"

बरोबर आहे. इथलं दुखणं वेगळं. तो दरपत्रक शिकतोय. ५ रुपये बंद. त्याऐवजी साधं : टॉवेल खुंटीला, मगच खाली क्रिकेट. आधी नावडतं, मग आवडतं. हे तत्त्व मानसशास्त्रज्ञ प्रीमॅकने १९५९ मध्ये मांडलं. सासूबाई भाकरी संपल्याशिवाय गूळ देत नाहीत, त्यांना प्रीमॅक माहीत नाही.

२० जुलै, रविवार

सप्तशृंग गडावर गेलो होतो. दर्शन झालं, पाऊस होता, धुक्यात काही दिसलं नाही. पायऱ्यांच्या वळणावर एक माकड मात्र व्यवस्थित दिसलं, आणि मी तिथे अर्धा तास बसले. घरचे चहाला गेले.

माकड प्रत्येक पिशवीवर झेपावत नव्हतं. प्रसादाची पिशवी आणि एकटी बाई असं बघून जायचं. मी मोजलेल्या ११ झेपांपैकी २ फळल्या. एकदा खोबऱ्याची वाटी, एकदा नुसतं कुंकवाचं पुडकं, तेही त्याने चाटून बघितलं. नऊ वेळा काठी, हाड्हाड् किंवा रिकामा हात. तरी बारावी झेप होतीच.

लोकांना वाटतं, कधीतरीच मिळालं तर नाद सुटेल. उलट तो चिवट होतो. हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्किनरला कळलं ते टंचाईतून. उंदरांसाठी खाण्याच्या गोळ्या तो स्वतः औषधवाल्यांच्या यंत्रावर पाडायचा. एका शनिवारी दुपारी हिशेब केला, तर आहेत त्या गोळ्या सोमवारी सकाळी साडेदहाला संपणार होत्या. सुट्टीचा दिवस यंत्रापाशी घालवण्यापेक्षा त्याने ठरवलं, उंदराने कळ दाबली की प्रत्येक दाबाला गोळी द्यायची नाही, मिनिटाला एकच द्यायची. उंदीर दाबतच राहिले. पुढे सहकारी फर्स्टरबरोबर त्याने प्रबलन कधी आणि किती वेळाने द्यायचं या वेळापत्रकांवर जाडजूड ग्रंथ लिहिला, १९५७ मध्ये. त्याची सुरुवात अशी काटकसरीतली.

उतरताना माझी पर्स मी पोटाशी धरली होती. माकडाने मलाही काहीतरी शिकवलं म्हणायचं.

२६ जुलै, शनिवार

दोन आठवडे झाले. ए विंग : रोज ८ ते ९. बी विंग : पहिल्या आठवड्यात ८, दुसऱ्यात ६.

चेअरमन खूश होते. पाचाचे सहा तरी झाले ना. पण दुसऱ्या आठवड्यातलं बी विंगचं खरं चित्र असं : ६ घरं बरोबर, ३ मिश्र, आणि ३ घरांच्या दारात बादलीच नाही. श्रावण काल लागलाय, पण रोजचा निर्जळी उपास कोणी धरलेला नाही. गुरुवारी रात्री मागच्या मोकळ्या प्लॉटवर काळ्या पिशव्या दिसल्या. एका फाटलेल्या पिशवीतून कुरिअरचं खोकं डोकावत होतं, त्यावर आमच्याच बी विंगचा फ्लॅट नंबर ठसठशीत. वहीत लिहिला, कमिटीला दिला नाही.

नवऱ्याला विचारलं, गादीखाली टॉवेल किती दिवस टिकायचा? "वास येईपर्यंत," म्हणाला.

आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी ५०० रुपये आगाऊ आणून दिले. "दहा दिवसांचे घ्या. आमच्याकडे दोन बादल्यांना जागा नाही." मला त्यांच्यासाठी ॲडव्हान्स खातं उघडावं लागलं. काका अजिबात उर्मट नव्हते. उलट हिशेब चुकता केल्याचं समाधान चेहऱ्यावर होतं. दंडाआधी हेच काका मला जिन्यात टाळायचे, मिश्र बादलीची थोडी लाज होती. आता ती ५० रुपयांत फिटली.

हे इस्रायलमधल्या हैफाच्या पाळणाघरांसारखं झालं. नीझी आणि रुस्तिचिनी या अर्थशास्त्रज्ञांचा अभ्यास, २००० साली छापलेला. १० पाळणाघरं, २० आठवडे. त्यांतल्या ६ ठिकाणी मुलाला न्यायला दहा मिनिटांहून जास्त उशीर करणाऱ्या पालकांना १० शेकेल दंड लावला. उशीर करणारे कमी होण्याऐवजी जवळजवळ दुप्पट झाले. पालकांनी दंडाला जादा वेळेची फी समजलं. पुढे दंड काढला तरी उशीर पूर्वीच्या पातळीवर आला नाही. ही शेवटची ओळ मी बैठकीत दोनदा वाचून दाखवली. चेअरमन म्हणाले, "मग १०० करू."

३१ जुलै, गुरुवार

मावशी पंचमीला गावी, दिंडोरीकडे. सोमवारपासून बदली बाई आहेत, बादल्या उचलतात, फूल काढत नाहीत. न ठरवता विलोपनाचा, म्हणजे प्रबलन थांबलं की वागणं कसं मावळतं ते बघायचा, प्रयोग सुरू झाला. स्किनरचंही असंच झालं होतं. गोळ्या टाकणारं यंत्र तो नसताना अडकलं आणि परत आला तेव्हा उंदराचं दाबणं कसं मावळत जातं त्याचा आलेख आयता तयार होता.

ए विंग : सोमवारी ९, मंगळवारी ९, बुधवारी ८, आज ६.

पण मावळण्याआधी उसळी येते असं पुस्तकात आहे, ती मी डोळ्यांनी पाहिली. मंगळवारी दुसऱ्या मजल्यावरून ओला, सुका, वेगळी रद्दी आणि धुतलेल्या दुधाच्या पिशव्यांची घडी, अशी चार भांडी दारात आली. फूल नाही. बुधवारी सात वाजून दहा मिनिटांनी आमची बेल वाजली. तळमजल्याचे अण्णा, बँकेतून निवृत्त. "माझं फूल कुठंय? आमची बादली काय वाईट होती काल?" समजावलं. आज सकाळी त्यांच्या उंबऱ्याशेजारी एक फूल होतं. चार पाकळ्या, वाकड्या. बोटांना खडू लागलेले अण्णा पेपर वाचत होते.

याला कोणत्या रकान्यात घालू?

४ ऑगस्ट, सोमवार

मावशी परत. आल्या आल्या म्हणाल्या, "रोज रोज बारा दारं वाकायचं, कंबर धरते ताई. येकाआड येक काढू का?" मॅडम हेच सुचवणार होत्या, की वागणं बसल्यावर प्रबलन विरळ करावं, तेही ठरावीक नाही तर अंदाज येणार नाही असं. स्किनरला गोळ्यांनी शिकवलं, आम्हाला कंबरेने. आजपासून मावशींच्या मर्जीने फूल.

अवांतर : नवरा 'ताप आहे' सांगून घरी होता. ओव्हलच्या कसोटीचा शेवटचा दिवस. मी लवकर घरी आले तर घरात पंखा बंद, सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या, कोणी हलायचं नाही. परवा त्या तिथे उभ्या असताना विकेट गेली होती म्हणे. ६ धावांनी जिंकलो. आता त्या प्रत्येक सामन्याला तिथेच उभ्या राहणार. स्किनरने १९४८ मध्ये कबुतरांना ठरावीक सेकंदांनी दाणे दिले, त्यांनी काहीही केलं तरी. आठांपैकी सहा कबुतरांनी आपापलं कर्मकांड तयार केलं. एक गोल फिरायचं, एक कोपऱ्यात डोकं खुपसायचं. आमच्या घरी तीन कबुतरं आहेत.

९ ऑगस्ट, शनिवार, राखी पौर्णिमा

टॉवेलची बातमी, आणि ती प्रकल्पाच्या दृष्टीने वाईट आहे.

'आधी टॉवेल, मग क्रिकेट' बरं चाललं होतं, आठवड्यात ४-५ वेळा खुंटीला. पण पाऊस असला की क्रिकेट नाही, आणि क्रिकेट नाही तर टॉवेल पलंगावर. मंगळवारी सुतार दुसऱ्याच कामाला आला होता. चिरंजीव त्याला म्हणाले, "काका, खुंटी खाली घ्या ना." मी बघायला गेले. खुंटी बाथरूमच्या दारामागे, माझ्या डोळ्यांच्या उंचीला, तिच्यावर नवऱ्याचे दोन रेनकोट आणि एक पट्टा. टॉवेल टांगायला आधी तिघांना उतरवायला लागतं. सुताराने खोलीच्या दाराशी, हात सहज पोचेल अशी नवी खुंटी ठोकली. ८० रुपये.

तेव्हापासून चारही दिवस टॉवेल खुंटीला. हाका : १. तीही सवयीने, टॉवेल जागेवर असताना.

मॅडमना सांगितलं. "हे प्रबलन नाही, सुतारकाम आहे," म्हणाल्या, पण अहवालात घाल म्हणाल्या. सात वर्षं ती खुंटी तिथे होती आणि मी तिच्याखाली उभी राहून ओरडत होते.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडावंदनानंतर गप्पा. कोणीतरी आठवण काढली, २०२१ मध्ये याच दिवशी नाशकात 'नो हेल्मेट, नो पेट्रोल' सुरू झालं होतं. तेव्हा आमच्या जवळच्या पंपावर मी रांगेत होते. पुढच्या मुलाने पेट्रोल भरलं, हेल्मेट काढलं आणि मागच्या अनोळखी माणसाच्या हातात दिलं. त्याने घातलं, भरलं, तिसऱ्याला दिलं. एक लाल हेल्मेट माझ्यासमोर चार डोक्यांवरून गेलं, आतलं अस्तर बाहेर लोंबत होतं. पेट्रोल मिळायचं ते पंपापाशी डोक्यावर हेल्मेट असल्याबद्दल, आणि पंपापाशी डोक्यावर हेल्मेट असणं लोक चटकन शिकले. तिथून पुढचा रस्ता त्या व्यवहारात नव्हताच. मी मात्र त्याच आठवड्यात हेल्मेट घेतलं आणि आजही घालते, तेव्हा सगळं वाया गेलं असं म्हणणार नाही.

चेअरमन शेजारीच होते, बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "दंड काढून टाकू या. भांडणं फार झाली."

२३ ऑगस्ट, शनिवार

शेवटची मोजणी. ए विंग : ९ ते १०, फूल आठवड्यातून दोन-तीनदाच मिळत असूनही. बी विंग, दंड काढल्यावर : ४. आधी ५ होते. एवढ्याशा आकड्यांवरून फार बोलू नये, पण लिहायचं तर हे आहे. बी विंगमधल्या एका पहिलीतल्या मुलीने आपल्या दारात रंगीत खडूने मोठ्ठं फूल काढलंय, पाने वगैरे. बादली रोज मिश्र.

मॅडमनी मसुदा वाचून एकच प्रश्न लिहिला : 'मावशींच्या वर्तनाला प्रबलन कोणतं?'

माझ्याकडे रकानाच नव्हता. २४ घरं मोजली, मुलगा मोजला, नवऱ्याने मला मोजलं. रोज फूल काढणाऱ्या बाईला त्यातून काय मिळत होतं, हे दोन महिन्यांत विचारलं नाही.

२६ ऑगस्ट, मंगळवार

उद्या गणपती. खाली आरास चालू होती. मावशींना विचारलं, एवढे दिवस फुलं काढलीत, कंटाळा नाही आला? त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

"ए विंगमदी आता हात घालावा लागत न्हाई ना. दुपारी भाकर खाते तं हाताला वास येत न्हाई."

जमलेल्या दंडातून रबरी हातमोजे घ्यावेत असं कमिटीत सुचवलं, मंजूर झालं. बी विंगलाही खडू चालेल म्हणाले. मावशींनी हातमोजे घालून बघितले, काढून ठेवले, आणि म्हणाल्या की यात खडू धरता येत नाही.

संध्याकाळी खडूचा नवा डबा आणून दिला. पांढरे १०, आणि त्यांनी मागितला म्हणून एक गुलाबी.